गॅरेजच्या कोब्याला पडलेल्या भेगा: भरण्याआधी काय तपासावे

परभणीच्या एका घरमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगल्याला लागून त्यांचे १२ फूट रुंद आणि २० फूट लांब गॅरेज आहे. चार वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात, मुरमाच्या भरावावर ४ इंच जाडीचे काँक्रीट टाकून त्यांनी घोटीव कोबा करून घेतला; त्यात मध्ये कोठेही सांधा ठेवलेला नाही. आता तीन प्रकारच्या भेगा दिसतात. साधारण मध्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली एक आडवी भेग आहे आणि तिची रुंदी दीड ते दोन मिलिमीटर भरते. फाटकाजवळच्या भागात केसासारख्या बारीक चिरांचे जाळे आहे. उजव्या बाजूला, भिंतीपासून दीड फुटावर, भिंतीला समांतर अशी तिसरी भेग आहे. तिच्या आणि भिंतीच्या मधला पट्टा अर्धा इंच खाली गेल्यासारखा दिसतो, तेथे ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि ही भेग उन्हाळ्यात जास्त उघडते. भेगांमध्ये सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, ओतून वरून टाइल बसवून टाकाव्यात, असे गवंड्याने सुचवले आहे. घराला धोका आहे का आणि गवंड्याचे ऐकावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी मराठवाड्यात स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो आणि माझ्या कामाचा मोठा भाग जुन्या-नव्या घरांच्या दुरुस्तीचा आहे. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. आपल्या गॅरेजमध्ये तीन भेगा नसून तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि म्हणून तिन्हींवर एकच उपाय चालणार नाही. सिमेंटची स्लरी तर यांपैकी एकीलाही लागू पडत नाही. भेग भरणे हे दुरुस्तीतले शेवटचे काम आहे. त्याआधी ती भेग अजून हलते आहे का, आणि काँक्रीटच्या खाली त्याला आधार शिल्लक आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात.

धोक्याबद्दल प्रथम लिहितो, कारण काळजी त्याचीच असते. जमिनीवर टेकलेला कोबा घराचा भार वाहत नाही. घराचा भार छतावरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि कॉलममधून फुटिंगवर, म्हणजे पायाच्या रुंद काँक्रीटवर, जातो. भिंती प्लिंथ बीमवर, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईवर, उभ्या असतात आणि कोबा त्या चौकटीच्या आत भरावावर नुसता पसरलेला असतो. त्यामुळे केवळ कोब्याला भेग पडली म्हणून घर धोक्यात आले असे होत नाही. मात्र याला दोन अपवाद आहेत. पहिला अपवाद असा, की आपल्याकडे पाण्याची जमिनीखालची टाकी किंवा सेप्टिक टँक पुष्कळदा गॅरेजच्या किंवा पोर्चच्या खालीच बांधतात. तसे असेल, तर त्या भागातले काँक्रीट हा कोबा नसून टाकीचा स्लॅब आहे, आणि त्याला पडलेली भेग ही भार वाहणाऱ्या भागाला पडलेली भेग आहे. अशा वेळी गाडी ताबडतोब बाहेर लावावी आणि टाकी रिकामी करून स्लॅबची खालची बाजू अभियंत्याकडून तपासून घ्यावी. गंजाचे तपकिरी डाग किंवा उघडी पडलेली सळई दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत त्यावर गाडी उभी करू नये. दुसरा अपवाद भिंतींचा. आपण भिंतींबद्दल काहीच लिहिलेले नाही. खिडकीच्या किंवा झरोक्याच्या कोपऱ्यातून तिरप्या चढत जाणाऱ्या भेगा, कॉलम आणि भिंत यांच्यामधील रुंदावत जाणारी फट, किंवा चौकटीत अडकू लागलेले दार यांपैकी काही असेल, तर प्रश्न कोब्याचा न राहता पायाचा होतो आणि पुढे मी लिहितो ते पुरेसे ठरणार नाही.

काही गोष्टी जागेवर गेल्याशिवाय ठरत नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. काळी माती किती खोल आहे, भराव किती उंचीचा आहे, मुरूम कोणत्या प्रतीचा होता, गच्चीच्या पाण्याचे पाइप कोठे सुटतात, गाडी धुण्याचे पाणी कोठे जाते आणि भिंतीलगत मोठे झाड आहे का, यांवर तिसऱ्या भेगेचे निदान अवलंबून आहे. पहिल्या दोन भेगांबद्दल मात्र मी बऱ्याच खात्रीने लिहू शकतो.

मधली आडवी भेग ही काँक्रीट आक्रसल्याची भेग आहे. ओले काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यातले जास्तीचे पाणी कित्येक महिने हळूहळू उडत राहते आणि तेवढ्या प्रमाणात काँक्रीट आखडते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात, चाचणीची माहिती हाती नसेल तर हे आक्रसणे ०.०००३ इतके धरावे असे सांगितले आहे. २० फूट म्हणजे सुमारे ६ मीटर, म्हणजे ६,००० मिलिमीटर, त्याला ०.०००३ ने गुणले की १.८ मिलिमीटर येतात. आपण मोजलेली भेग दीड ते दोन मिलिमीटरची आहे. काँक्रीट मोकळे असते तर ते सगळीकडून थोडे थोडे आत सरकले असते, पण खालचा खडबडीत भराव आणि दोन्ही टोकांच्या भिंती त्याला धरून ठेवतात. मग जो ताण तयार होतो तो काँक्रीटला पेलवत नाही, आणि ते सर्वांत सोयीच्या जागी, म्हणजे बहुधा मध्यावर, तुटते.

ही भेग टाळता आली असती का? भेग टाळता येत नाही, ती कोठे पडावी हे मात्र आपण ठरवू शकतो. सांध्यांमधले अंतर काँक्रीटच्या जाडीच्या २४ ते ३६ पट ठेवावे, असा या कामातला सर्वमान्य ठोकताळा आहे. ४ इंच जाडीला हे अंतर ८ ते १२ फूट येते. म्हणजे आपल्या गॅरेजला बरोबर मध्यावर एक आडवा सांधा कापला असता, तर १२ बाय १० फुटांचे दोन चौक झाले असते आणि तेवढे पुरले असते. हा सांधा काँक्रीट टाकल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कटर मशिनने, जाडीच्या एक चतुर्थांश खोल, म्हणजे इंचभर कापायचा असतो; मग काँक्रीट त्या खाचेच्या खालीच तडकते आणि वरून सरळ रेषेखेरीज काही दिसत नाही. आपल्या कोब्याने हा सांधा स्वतःच पाडून घेतला आहे, फक्त तो वेडावाकडा आहे. दुरुस्ती करताना हे लक्षात ठेवावे लागते, त्याकडे पुढे येतो.

यावर पुष्कळ जण म्हणतात की आत लोखंड टाकले होते, मग भेग कशी पडली. लोखंडाने भेग थांबत नाही. भेग पडल्यावर तिच्या दोन्ही कडा एकमेकींना धरून राहाव्यात आणि ती रुंदावू नये, एवढेच त्याचे काम असते. त्यासाठी जाळी काँक्रीटच्या वरच्या भागात असावी लागते. प्रत्यक्षात जाळी आधी मुरमावर अंथरतात, तिच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे ती उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवत नाहीत, मजूर घमेली घेऊन तिच्यावरूनच चालतात आणि ती तळाशी जाऊन बसते. जुने कोबे फोडताना तळाला मुरमात रुतलेली जाळी मी वारंवार पाहिली आहे. तिचा खर्च होतो, उपयोग काहीच होत नाही.

फाटकाजवळचे बारीक जाळे ही केवळ वरच्या थराची बाब आहे. एप्रिलमधल्या दुपारचे ऊन, फाटकातून येणारा कोरडा वारा आणि ताज्या काँक्रीटवरून झपाट्याने उडणारे पाणी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण घोटाईच्या पद्धतीत असते. काँक्रीटवर पाणी सुटलेले असतानाच त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले, की कोबा गुळगुळीत दिसतो, पण वर नुसत्या सिमेंटचा पातळ थर तयार होतो. हा थर खालच्या खडीयुक्त काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त आक्रसतो आणि आटलेल्या तळ्याच्या तळाप्रमाणे त्याचे बारीक तुकडे पडतात. क्युरिंग, म्हणजे नवे काँक्रीट सतत ओले ठेवणे, कमी पडले असेल तर हे अधिक होते. आयएस ४५६ प्रमाणे उष्ण आणि कोरड्या हवेत किमान १० दिवस पाणी द्यावे लागते, आणि सध्या सर्रास मिळणाऱ्या पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या, सिमेंटसाठी ते १४ दिवसांपर्यंत वाढवावे अशी शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारणे आणि मधल्या आठ-दहा तासांत कोबा कोरडा पडू देणे, याला क्युरिंग म्हणता येत नाही. पाण्याचे आळे करून ते साठवले पाहिजे किंवा ओले पोते कायम अंथरलेले पाहिजे.

आता तिसरी भेग. खरी काळजी हिची करायला हवी, आणि आपल्या गवंड्याने नेमके हिच्याकडेच दुर्लक्ष केले आहे. भिंतीलगतचा पट्टा खाली जाण्याची दोन मुख्य कारणे असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखावी लागतात, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण म्हणजे खचलेला भराव. प्लिंथ बीमसाठी आणि फुटिंगसाठी चर खोदतात, काम झाल्यावर तो बुजवतात, आणि ही बुजवणी बहुतेक वेळा निघालेल्या मातीनेच, कोणतीही धुमस न करता होते. मधला भाग निदान ट्रॅक्टरच्या चाकाखाली दाबला जातो. भिंतीलगतच्या दीड-दोन फुटांत ना रोलर पोहोचतो ना माणूस नीट उभा राहून धुमस चालवतो. वर्ष-दोन वर्षांत पाणी मुरते, तो भाग बसतो, आणि वरचा कोबा काही काळ पोकळीवर अधांतरी राहतो. मग एके दिवशी गाडीचे चाक त्यावरून जाते आणि भराव जेथे घट्ट आहे त्या रेषेवर कोबा तुटतो. म्हणूनच अशी भेग भिंतीला समांतर आणि दीड-दोन फुटांवर पडते. जालन्याच्या एका घरात असाच पट्टा मी उचलायला लावला होता. कोब्याच्या खाली माणसाचा हात मनगटापर्यंत सहज जाईल एवढी पोकळी होती, आणि तिच्या तळाशी मुरमाऐवजी विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि सेंटरिंगच्या कुजलेल्या फळ्या निघाल्या. गच्चीच्या पाण्याचा पाइप बाहेरून त्याच कोपऱ्यात सुटत होता.

दुसरे कारण काळी माती. परभणीसारख्या भागात ही शक्यता गृहीत धरूनच सुरुवात करावी. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी घेऊन फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत काठी खोल जाते ती याच कारणाने. घराच्या बाबतीत याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घर बांधल्यावर त्याच्या पोटातली माती झाकली जाते. तिच्यातला ओलावा बाहेर पडू शकत नाही, हळूहळू साठत जातो, आणि मध्यभागची माती फुगून वर येते. कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे ओली-कोरडी होत राहते. अशा वेळी भिंतीलगतचा पट्टा खाली गेल्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात कोब्याचा मध्य वर आलेला असतो. आपली भेग उन्हाळ्यात जास्त उघडते, या एका वाक्यामुळे मला काळ्या मातीचा हात असल्याचा दाट संशय आहे. नुसता खचलेला भराव एकाच दिशेने जातो आणि कालांतराने थांबतो. तो पावसाळ्यात परत वर येत नाही.

हे दोन प्रकार घरच्या घरी ओळखता येतात. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्या आणि गॅरेजच्या चारही भिंतींवर एकाच पातळीत, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, पेन्सिलीने रेषा मारा. भिंती प्लिंथ बीमवर असल्यामुळे ही रेषा आपल्याला स्थिर खूण म्हणून चालेल. या रेषांना दोरी ताणून कोब्यापर्यंतचे अंतर कडेला, मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मोजा, तारीख घालून लिहून ठेवा. फाटकाकडे दिलेला उतार वजा केल्यावर मध्य उंच भरत असेल, तर माती फुगली आहे. कडा खाली आणि मध्य सपाट असेल, तर भराव खचला आहे. स्कर्टिंगकडे, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीकडेही, लक्ष द्या. स्कर्टिंगच्या खाली सरळ फट पडली असेल, तर कोबा खाली गेला. फाटक पूर्वी मोकळे फिरत होते आणि आता कोब्याला घासते आहे असे असेल, तर कोबा वर आला. त्यानंतर हातोडीने दर फुटावर ठोकत जा. घट्ट टेकलेल्या काँक्रीटचा आवाज टणक आणि आखूड येतो, पोकळीवरच्या काँक्रीटचा आवाज भरड आणि लांबट येतो, आणि दोन्हींमधली सीमा काही इंचांच्या अचूकतेने सापडते. ती सीमा खडूने आखून तिचा फोटो काढून ठेवा, दुरुस्तीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

भेग हलते आहे का हे पाहण्यासाठी भिंतींवर काचपट्टी चिकटवण्याची पद्धत आहे, परंतु गाडी फिरते त्या कोब्यावर काच टिकत नाही. त्याऐवजी भेगेच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या वाटेपासून दूर, डोके कोब्याच्या पातळीत राहील असा एकेक पितळी स्क्रू बसवावा आणि दोन्हींमधले अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर महिन्याला मोजावे. काळ्या मातीत एक उन्हाळा आणि एक पावसाळा यांची मोजमापे हाती असणे मला आवश्यक वाटते. मेच्या अखेरचे आणि सप्टेंबरच्या अखेरचे माप सारखेच राहिले, तर भेग थांबली असे समजून पुढे जाता येते. ते अर्ध्या मिलिमीटरहून अधिक बदलले, तर भेग जिवंत आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण हाच प्रश्न मला कोकणातूनही विचारला जातो. रत्नागिरीकडच्या जांभ्या जमिनीत फुगण्या-आकसण्याचा हा त्रास नसतो. तेथे मुसळधार पावसाचे पाणी भरावातून वाट काढते आणि बारीक माती धुऊन नेते. वरून दिसणारी भेग सारखीच असते, पण तेथे पाण्याचा मार्ग बंद करणे हाच जवळजवळ सगळा उपाय आहे.

आता दुरुस्ती. पहिले काम पाण्याचे, आणि ते पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे. गच्चीचे पाइप भिंतीपाशी न सोडता गटारापर्यंत किंवा शोषखड्ड्यापर्यंत नेऊन सोडावेत, आणि शोषखड्डा घराच्या पायापासून पुरेसा लांब असावा. उजव्या भिंतीच्या बाहेरून किमान तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करावी. भिंतीलगत वाफा असेल तर तो काढावा. तेथून नळाची किंवा ड्रेनेजची लाइन जात असेल, तर ती गळते का हे तपासावे. नळाची लाइन तपासणे सोपे आहे, रात्री सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. काळ्या मातीत ओलावा कमी-जास्त होणे थांबवता आले, तर निम्मी हालचाल आपोआप थांबते. माझ्या अनुभवात केवळ पाइप वळवून आणि फरसबंदी करून भेग शांत झाली, अशी उदाहरणे आहेत.

मधल्या भेगेत इपॉक्सी भरून ती घट्ट जोडून टाकावी, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. इपॉक्सीचा जोड काँक्रीटपेक्षा बळकट होतो हे खरे आहे, पण आपल्या कोब्याला दुसरा सांधाच नाही. आक्रसणे चार वर्षांत जवळपास संपले असले, तरी तापमानाची हालचाल कायम राहणार आहे. आपल्याकडच्या बेसाल्ट खडीचे काँक्रीट एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००००९ इतके प्रसरण पावते. ६ मीटर लांबीत १५ अंशांच्या फरकाला हे ०.८ मिलिमीटर होतात. ही हालचाल होण्यासाठी आज ती भेग उपलब्ध आहे. ती बंद केली, की काँक्रीट शेजारी कोठेतरी नवीन जागा शोधील. म्हणून या भेगेला सांधा मानूनच वागवावे. कटरने तिच्या रेषेवर १० मिलिमीटर रुंदीची खाच पाडावी, धूळ ब्लोअरने पूर्ण काढावी, तळाला फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवावी आणि वर ५ ते ६ मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा लेप, भरावा. खाच पाडण्याचे कारण गणिताचे आहे. दोन मिलिमीटरच्या भेगेत सीलंट भरला, तर ०.८ मिलिमीटरची हालचाल त्याला ४० टक्के ताणते आणि तो फाटतो. १० मिलिमीटरच्या खाचेत तीच हालचाल फक्त ८ टक्के होते. बॅकर रॉडमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतो, तळाला चिकटत नाही, आणि म्हणून मोकळेपणाने ताणला जातो. सिमेंटच्या स्लरीत यांपैकी कोणताच गुण नाही. ती स्वतः आक्रसते, ताण सहन करत नाही, आणि पहिल्या थंडीत कडेने सुटते.

फाटकाजवळच्या जाळ्याला एक चाचणी करावी. खिळ्याने जोर लावून ओरखडा काढा. नुसती पांढरी रेघ उमटली, तर थर टणक आहे आणि काहीही करण्याची गरज नाही. पूड निघत असेल, तर सिलिकेटवर आधारित द्रवरूप हार्डनर दोन-तीन हात द्यावा. तो चिरा बुजवत नाही, परंतु वरचा थर घट्ट करतो आणि धूळ सुटणे थांबवतो.

उजव्या पट्ट्याचे काम मोठे आहे, कारण तो पट्टा काढल्याशिवाय खालची पोकळी भरता येत नाही. पट्टा खाली न जाता नुसता पोकळ वाजत असता, तर भोके पाडून सिमेंट आणि फ्लाय ॲशचे पातळ ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारे मिश्रण, कमी दाबाने सोडणे पुरले असते. पण अर्धा इंच खाली गेलेला आणि तुटलेला पट्टा ग्राउटने वर येत नाही. हातोडीने आखलेल्या सीमेच्या सहा इंच पलीकडे, जेथे आवाज टणक आहे तेथे, कटरने सरळ रेषा कापून पट्टा उचलावा. छिन्नीने तोडत गेल्यास चांगल्या भागालाही तडे जातात. खालचा भराव किमान दोन फूट खोल काढावा. राडारोडा, लाकूड, काळी माती असे जे निघेल ते बाहेर टाकावे. परत भरताना चांगला, न फुगणारा मुरूम सहा इंचांच्या थराने टाकावा, प्रत्येक थर बेताने ओला करावा आणि प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा निदान धुमसाने घट्ट करावा. येथे वाळू भरू नये. वाळू पाणी धरते आणि तेच पाणी खालच्या काळ्या मातीला पुरवत राहते. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकण अंश असलेल्या मातीचा दाबलेला थर दिला तर फुगवटा आटोक्यात राहतो, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले आणि कालव्यांच्या कामात ते तत्त्व वापरात आले. आपल्या छोट्या पट्ट्यात एवढा काटेकोरपणा शक्य नाही, पण मुरूम निवडताना तो निव्वळ खडेरी नसावा, याचे कारण हेच आहे.

नवीन काँक्रीट टाकण्याआधी भिंतीला लागून अर्ध्या इंचाची बिटुमेन बोर्डाची किंवा थर्माकोलची पट्टी उभी करावी, म्हणजे कोबा भिंतीला चिकटणार नाही आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे खाली-वर होऊ शकेल. जुन्या कोब्याच्या कापलेल्या कडेत १२ मिलिमीटरच्या गुळगुळीत सळ्या फूटभर अंतरावर, जाडीच्या मध्यावर, भोके पाडून इपॉक्सीने बसवाव्यात आणि बाहेर राहिलेल्या भागाला ग्रीस लावावे. यामुळे दोन्ही बाजू एकाच पातळीत राहतात, पण आडव्या हालचालीला अडथळा होत नाही. काँक्रीट एम २० या ताकदीच्या दर्जाचे घ्यावे आणि पाण्यावर स्वतः लक्ष ठेवावे; ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटरच्या पुढे पाणी जाऊ देऊ नये, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. मिश्रण जड वाटते म्हणून मजूर बादलीभर पाणी वाढवतात, आणि पुढच्या आक्रसण्याची सुरुवात तेथेच होते. मधल्या भेगेचा सांधा नव्या पट्ट्यातूनही त्याच रेषेत भिंतीपर्यंत न्यावा.

टाइलबद्दल माझे मत असे आहे. भेगेवर टाइल बसवली, की काही महिन्यांत तीच भेग टाइलमधून वर येते, आणि तोवर खालचे काहीही दिसत नसल्यामुळे पोकळी वाढत राहते. दुरुस्तीनंतर वर्षभर कोबा शांत राहिला आणि तरीही टाइल हवीच असेल, तर पार्किंगसाठीच्या जाड टाइल घ्याव्यात आणि खालचे दोन्ही सांधे टाइलमधूनही तसेच उघडे ठेवून सीलंटने भरावेत. मात्र आपली मोजमापे कोब्याचा मध्य ऋतूप्रमाणे वर-खाली होतो असे सांगू लागली, तर मी संपूर्ण कोबा काढून मुरूम नीट घट्ट करून त्यावर इंटरलॉकिंग पेव्हर ब्लॉक बसवायला सांगेन. पेव्हर जमिनीबरोबर थोडे हलतात, तुटत नाहीत, आणि एखादा भाग बसला तर तेवढेच उचलून पातळी करून पुन्हा लावता येतात. ते कोब्यासारखे एकसंध दिसत नाहीत आणि त्यांवर तेल सांडले तर डाग राहतो, हे मान्य आहे; तरी खोल काळ्या मातीवर गॅरेजसाठी याहून समाधानकारक जमीन मला माहीत नाही.

कामाचा क्रम आणि वेळ असा ठेवावा. पातळीची रेषा, हातोडीची तपासणी आणि पितळी स्क्रू हे या महिन्यातच करून घ्यावे. उजव्या पट्ट्यावर चाक जाऊ देऊ नये. गाडी डाव्या बाजूला सरकवून लावावी किंवा तात्पुरती बाहेर ठेवावी. पाण्याची कामे पावसाळ्याच्या आत संपवावीत. पावसाळाभर मोजमापे घ्यावीत, आणि पट्टा उचलण्याचे काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढावे. तेव्हा ऊन बेताचे असते, क्युरिंग नीट होते आणि जमिनीतला ओलावा पावसाळा आणि उन्हाळा या दोन टोकांच्या मध्ये असतो. सीलंट नव्या काँक्रीटचे क्युरिंग संपून ते कोरडे झाल्यावर भरावा; त्यासाठी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर कोब्यावर ठेवावा, आणि सकाळी त्याच्या खालच्या बाजूला दव दिसले तर आणखी थांबावे. नव्या पट्ट्याला १४ दिवस पाणी साठवून द्यावे, आणि त्यावर गाडीचे चाक २८ दिवसांनंतरच घ्यावे.